आवाज, नंबर आणि ऊसतोडीचा हंगाम

मोबाइल कंपनीच्या कॉलऐवजी आणि एसएमएसऐवजी इंटरनेटवरून बोलणे व निरोप धाडणे हा विषय अमेरिकेत किंवा युरोपात मुख्यतः घरखर्चाचा म्हणून चर्चिला जातो. घरी वाय-फाय आहे, कचेरीत वाय-फाय आहे, तेव्हा मोबाइलचे वेगळे बिल दरमहा कशासाठी भरायचे, असा तेथील हिशोब असतो. सिम नसलेला टॅब किंवा जुना हँडसेट वापरून, गूगल व्हॉइससारख्या सेवेने दिलेल्या नंबरावर भागवणारी माणसे अमेरिकेत आढळतात. बीड जिल्ह्यात हाच विषय निराळ्या गरजेतून उभा राहिला आहे. २०११ च्या जनगणनेत २५,८५,०४९ लोकसंख्या नोंदवलेल्या या जिल्ह्यातून, विशेषतः बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतून, दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखोंच्या संख्येने माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे बेळगाव, बागलकोट, विजयपूरकडे निघतात, आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचे गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. या पाच-सहा महिन्यांत एकाच कुटुंबाची दोन बिऱ्हाडे होतात : जोडपे फडात, म्हणजे तोडणीच्या शेतात, आणि म्हातारे आईबाप व शाळकरी मुले गावात. या दोन बिऱ्हाडांमध्ये बोलणे कसे चालते, त्याचे पैसे कोण भरतो आणि ते कशामुळे तुटते, हे पाहिल्याशिवाय इंटरनेट-संभाषणाचा या जिल्ह्यापुरता तरी अर्थ लागत नाही.

प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. इंटरनेटने आवाज नंबरापासून मोकळा केला, आणि नेमक्या त्याच दशकात शासन, बँका आणि खुद्द संदेशसेवा चालवणाऱ्या कंपन्या यांनी माणसाची ओळख नंबराला पूर्वी कधी नव्हती इतकी घट्ट बांधली. परिणामी ज्याच्या नावावर सिम आहे त्याला बोलताही येते आणि कागदोपत्री उभेही राहता येते; जिच्या नावावर सिम नाही ती दुसऱ्याच्या फोनवरून, दुसऱ्याच्या हॉटस्पॉटवरून पोटभर बोलू शकते, पण जेथे ओटीपी, म्हणजे नंबरावर येणारा सांकेतिक आकडा, मागितला जातो तेथे तिची वाट अडते. मोबाइल फोनच्या जागी इंटरनेट हे समीकरण म्हणूनच अर्धे खरे आहे, आणि त्याचे खोटे अर्धे ज्यांच्या वाट्याला येते त्यांत ऊसतोड करणारी बाई सर्वांत पुढे आहे.

हे प्रतिपादन समजण्यासाठी दोन प्रकारच्या बोलण्यांतील तांत्रिक फरक आधी पाहणे आवश्यक आहे. जुन्या टेलिफोन यंत्रणेत दोन माणसांचे बोलणे सुरू झाले की त्या दोघांमध्ये एक वाट बोलणे संपेपर्यंत राखून ठेवली जात असे. दोघे गप्प बसले तरी ती वाट दुसऱ्या कोणाला मिळत नसे, आणि आकारणी मिनिटांवर होण्याचे एक मोठे कारण हेच होते. इंटरनेटवर वाट राखली जात नाही. बोलणाऱ्याचा आवाज आकड्यांत बदलला जातो, त्याचे साधारणपणे सेकंदाला पन्नास याप्रमाणे बारीक तुकडे केले जातात, प्रत्येक तुकड्यावर क्रमांक व पत्ता घातला जातो आणि ते जाळ्यात सोडले जातात. एका फडातला ऊस वेगवेगळ्या गाड्यांतून, वेगवेगळ्या वाटांनी कारखान्यावर यावा आणि तेथे तो एकाच शेतकऱ्याच्या खात्यावर क्रमाने जमा व्हावा, तसे हे तुकडे पलीकडच्या फोनमध्ये पुन्हा जुळवले जातात. एखादा तुकडा उशिरा आला किंवा हरवला तर त्याची वाट न पाहता आवाज पुढे जातो, म्हणून रेंज कमी असताना शब्दाचा मधला भाग गिळल्यासारखा ऐकू येतो. एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूला पोचायला सेकंदाच्या सुमारे सातव्या भागापेक्षा, म्हणजे १५० मिलिसेकंदांपेक्षा, जास्त वेळ लागू लागला की माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने चांगल्या संभाषणासाठी हीच मर्यादा सुचवलेली आहे.

आवाज आकड्यांत बदलून दाबून लहान करणाऱ्या पद्धतीला कोडेक म्हणतात. २०१२ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘ओपस’ या कोडेकला सेकंदाला अवघे ६ किलोबिटही पुरतात, तर जुन्या डिजिटल टेलिफोनला त्याच कामासाठी ६४ किलोबिट लागत. पत्ते, क्रमांक आणि दोन्ही बाजूंची ये-जा धरली तरी नुसत्या आवाजाच्या इंटरनेट-कॉलला मिनिटाला साधारण अर्धा मेगाबाइट डेटा लागतो असे धरून चालता येते. दिवसाला दीड जीबी देणाऱ्या रिचार्जमध्ये या हिशोबाने चोवीस तास अखंड बोलले तरी डेटा उरतो. व्हिडिओ कॉलला मात्र याच्या कितीतरी पट डेटा लागतो, आणि नातवाचे तोंड पाहण्याचा हट्ट धरणाऱ्या घरांत दिवसाचा डेटा संपतो तो बोलण्यामुळे नव्हे, पाहण्यामुळे.

येथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली तेव्हा त्या कंपनीकडे टूजी-थ्रीजीचे जाळे नव्हतेच. तिचा साधा कॉलही व्होल्टे पद्धतीने, म्हणजे फोरजीच्या डेटावाहिनीवरून तुकड्या-तुकड्यांनीच जात होता, आणि पुढे इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. तंत्राच्या दृष्टीने फोरजीवरचा साधा कॉल आणि व्हॉट्सॲप कॉल आज एकाच जातीचे आहेत. फरक वागणुकीचा आहे. कंपनीच्या स्वतःच्या कॉलचे तुकडे टॉवरवर अग्रक्रमाने पुढे काढले जातात, त्यांच्यासाठी क्षमता राखलेली असते; ॲपवरच्या कॉलचे तुकडे मात्र सिनेमे, रील, क्रिकेटचे सामने यांच्या गर्दीत उभे राहतात. संध्याकाळी सातनंतर एका टॉवरवर तीन-चार गावे आणि ऊसतोड मजुरांच्या दोन-चार टोळ्या एकदम येतात तेव्हा ॲपवरचा कॉल तुटतो आणि साधा लागतो, त्याचे एक मुख्य कारण हे आहे.

भारतात इंटरनेटवरून बोलण्याचा इतिहास बंदीपासून सुरू होतो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, आणि त्याच वर्षी व्होकलटेक या इस्रायली कंपनीने संगणकावरून संगणकावर बोलण्याचे पहिले बाजारी सॉफ्टवेअर आणले. परंतु परदेशी कॉलच्या उत्पन्नाला धक्का बसेल या चिंतेने येथे इंटरनेट-टेलिफोनीला परवानगी नव्हती, ती १ एप्रिल २००२ पासून मर्यादित स्वरूपात मिळाली. मर्यादा अशी की संगणकावरून संगणकावर बोलता येई, परदेशातील टेलिफोनवरही बोलता येई, पण देशातील साध्या टेलिफोनवर इंटरनेटवरून कॉल लावता येत नसे. ही भिंत दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०१७ मधील शिफारशींनंतर २०१८ साली हलली. त्याच वर्षी जुलैमध्ये बीएसएनएलने ‘विंग्ज’ ही सेवा जाहीर केली : वर्षाला १,०९९ रुपये, सिम नाही, फोनमध्ये एक ॲप, दहा आकडी नंबर, आणि कोणत्याही कंपनीच्या इंटरनेटवरून देशातील कोणत्याही फोनवर कॉल. मोबाइल कंपनीच्या जागी इंटरनेट या कल्पनेचा भारतातील हा सर्वांत सरळ प्रयोग होता. तो सामान्यांच्या घरापर्यंत पोचला नाही याचे कारण तंत्रात शोधण्याची गरज नाही. तोवर साध्या रिचार्जमध्येच कॉल अमर्याद झाले होते, आणि ज्यांच्याकडे इंटरनेट होते त्यांच्याकडे व्हॉट्सॲपही होते.

बीडच्या स्थलांतरित कुटुंबाने मात्र या इतिहासातील निराळेच टप्पे अनुभवले. पूर्वी निरोप जाई तो गावाकडे परतणाऱ्या गाडीवानाबरोबर, मुकादमामार्फत, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदारामार्फत, किंवा कारखान्याजवळच्या एसटीडी बूथवरून गावातील एखाद्या दुकानदाराच्या फोनवर. मोबाइल आल्यावर मिस्ड कॉलची भाषा रूढ झाली : एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू लाव. महाराष्ट्राची हद्द ओलांडून कर्नाटकात गेलेल्या टोळीला आणखी एक भुर्दंड होता. दूरसंचाराच्या नकाशात कर्नाटक हे वेगळे परिमंडळ असल्याने तेथे महाराष्ट्राचे सिम रोमिंगवर जाई आणि आलेला कॉल उचलण्याचेही पैसे पडत. २०१७ च्या सुमारास देशांतर्गत रोमिंगची आकारणी कंपन्यांनी सोडली तेव्हा त्या टोळ्यांना दिलासा मिळाला, आणि गावाकडून आलेला कॉल न उचलता कापून टाकण्याची वेळ तेव्हापासून उरली नाही.

स्वस्त डेटाने आणखी एक साधन दिले, आणि प्रस्तुत विषयात तेच सर्वांत मोलाचे आहे : व्हॉइस मेसेज, म्हणजे बोलून रेकॉर्ड केलेला निरोप. व्हॉट्सॲपने ही सोय २०१३ मध्ये आणली. कॉलसाठी दोन्ही बाजूंची माणसे एकाच वेळी मोकळी असावी लागतात, आणि ऊसतोडीच्या कामात ती तशी नसतात. तोड पहाटे अंधारात सुरू होते. दुपारपर्यंत मोळ्या बांधून होतात. मग ट्रक किंवा ट्रॅक्टर येईल तेव्हा गाडी भरायची असते, आणि तो संध्याकाळी येईल की रात्री दोनला, हे टोळीच्या हातात नसते. बैलगाडीवाला असेल तर तो मध्यरात्री कारखान्यावर रांगेत असतो. गावाकडे मूल सकाळी शाळेत जाते, रात्री आठ-नऊला झोपते, आणि म्हातारी त्याच्याही आधी. अशा दोन वेळापत्रकांमध्ये कॉलचा मेळ बसणे कठीण. निरोपाला मात्र वेळेचे बंधन नाही.

या निरोपाची घडण जवळून पाहण्यासारखी आहे. कोप, म्हणजे बांबूच्या कमानींवर पाचट आणि ताडपत्री टाकून उभारलेली खोपी, शेताच्या कडेला किंवा कारखान्याच्या तळावर असते. तिच्यात विजेचे कनेक्शन नसते, आणि फोन ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून, लहान सौर पॅनेलवरून किंवा जवळच्या दुकानात चार्ज होतो. रेंज कोपीत मिळेलच असे नाही. बांधावरची, विहिरीच्या कठड्याजवळची एखादी जागा टोळीला पहिल्या आठवड्यातच ठाऊक होते. व्हॉइस मेसेज अशा ठिकाणाहून दोन टप्प्यांत जातो. बाई कोपीत बसून, भाकरी थापता थापता, बटण दाबून धरून बोलते : ‘पोरगं शाळंत जातंय का, म्हशीचं दूध कोण काढतंय, गोळ्या संपल्या असतील तर आणायला सांगा.’ रेंज नसेल तर निरोप फोनमध्येच घड्याळाचे लहान चिन्ह दाखवत थांबतो, आणि नवरा पाण्याला म्हणून बांधाकडे फोन घेऊन गेला की आपोआप निघतो. गावात तो सकाळी पोचलेला असतो. नातू शाळेत जाण्यापूर्वी आजीला तो लावून दाखवतो आणि आजीचे उत्तर त्याच पद्धतीने परत धाडतो. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला पत्रासाठी नेहमी दुसऱ्याचा हात लागत आला आहे, आणि त्या हाताला घरातले सगळे कळत आले आहे. २०११ मध्ये बीड जिल्ह्यातील साक्षरता सुमारे ७७ टक्के होती, आणि स्त्रियांमध्ये ती यापेक्षा बरीच कमी होती. अशा जिल्ह्यात स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या बोलीत, वाटेत मध्यस्थ न ठेवता निरोप धाडता येणे ही टेलिग्राफ आल्यापासूनची सर्वांत मोठी सुधारणा मानली पाहिजे. एसएमएसला हे कधी जमले नाही, कारण एसएमएससाठी अक्षर लागते, आणि कितीतरी वर्षे स्वस्त हँडसेटवर ते अक्षर देवनागरीही नव्हते.

निरोप टिकून राहतो याचा दुसरा उपयोग व्यवहारात होतो. ऊसतोडीचा करार बहुतेक तोंडी असतो. मुकादम हंगामापूर्वी कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, उचल देतो. ती रक्कम तोडीच्या मजुरीतून फिटते. किती टन तुटले, किती खाडे धरले, किती फिटले आणि किती अंगावर राहिले याचा हिशोब हंगामाच्या शेवटी होतो, आणि भांडणेही तेव्हाच होतात. आता वजनाच्या पावतीचा फोटो काढून तो गावाकडच्या शिकलेल्या मुलाला पाठवणे सहज शक्य आहे, आणि तो मुलगा त्या फोटोंवरून स्वतंत्र हिशोब ठेवू शकतो. अशा नोंदींना कायद्यात स्थान आहे : १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुरावा म्हणून दाखल करता येतो, मात्र तो कोणत्या उपकरणातून आणि कसा घेतला याचे प्रमाणपत्र सोबत द्यावे लागते. म्हणूनच मूळ फोन विकून टाकणे किंवा संदेश ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाण्याची सोय चालू ठेवणे मजुराच्या हिताचे नाही. कामगार संघटनांनी हंगामापूर्वीच्या मेळाव्यांत ही एवढी गोष्ट शिकवली तरी पुष्कळ होईल.

येथपर्यंत आवाजाचा विचार झाला. आता नंबराकडे वळले पाहिजे. व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल या तिन्ही सेवांत खाते उघडण्यासाठी मोबाइल नंबर लागतो, आणि त्यावर आलेला ओटीपी भरल्याशिवाय दार उघडत नाही. यूपीआयचे ॲप तर त्या हँडसेटमधील सिमवरून स्वतः एक एसएमएस पाठवून खात्री करते. आधारशी जोडलेला नंबर, बँकेशी जोडलेला नंबर, पीक पाहणीच्या ॲपमध्ये नोंदलेला नंबर अशी साखळी तयार झाली आहे, आणि तिची पहिली कडी सिम आहे. इंटरनेटवरून बोलणारा माणूस मोबाइल कंपनीला सोडून गेला असे म्हणता येत नाही. बोलण्यासाठी त्याला ती लागत नसेल, पण माणूस म्हणून ओळख पटवण्यासाठी लागते.

या साखळीचा ताण कोठे पडतो याचे ताजे उदाहरण मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत दिसले. जुलै २०२४ पासून पात्र स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये देणाऱ्या या योजनेसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी, म्हणजे आधारच्या आधारे इंटरनेटवरून ओळख-पडताळणी, आवश्यक करण्यात आली, आणि तीत लाभार्थी स्त्रीच्या तसेच तिच्या पतीच्या किंवा वडिलांच्या आधारशी जोडलेल्या नंबरावर ओटीपी येऊ लागले. सप्टेंबर ते नोव्हेंबर हे महिने म्हणजे बीडमध्ये टोळ्या भरण्याचे आणि निघण्याचे दिवस. जिच्या आधारला नवऱ्याचा जुना, रिचार्ज न केल्याने बंद पडलेला नंबर जोडलेला आहे, तिला इंटरनेटवरून आईशी तासभर बोलता येत असले तरी हे दीड हजार रुपये मिळवण्यासाठी आधी आधार केंद्र गाठून नंबर बदलावा लागतो, आणि ती त्या वेळी तीनशे किलोमीटरवर फडात असते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरत असलेला मोबाइल फोन असल्याचे आढळले होते. उरलेल्या स्त्रिया बोलत नाहीत असा याचा अर्थ नाही, त्या दुसऱ्याच्या फोनवर बोलतात, आणि नेमकी हीच त्यांची अडचण आहे.

नंबर जिवंत ठेवण्याची किंमतही बोलण्याच्या किमतीपासून वेगळी झाली आहे. २०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी येणाऱ्या कॉलसाठीही किमान रिचार्जची अट घातली, आणि शून्य खर्चात नुसता नंबर सांभाळण्याची सोय संपली. रिचार्जची मुदत संपली की आधी जाणारे आणि मग येणारे कॉल बंद होतात. बराच काळ वापर नसला तर नंबर रद्द होतो, आणि किमान ९० दिवसांच्या अंतराने तो दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, मग बँकेचे ओटीपी परक्याच्या हाती जातात. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने डेटाशिवाय फक्त कॉल व एसएमएस देणारी रिचार्ज उपलब्ध करण्याचे आणि विशेष रिचार्जची मुदत ९० ऐवजी ३६५ दिवसांपर्यंत नेण्यास मुभा देण्याचे नियम केले. तत्त्वतः हे योग्य पाऊल होते. बीडच्या घरासाठी खरी गरज याच्याही पुढची आहे : कॉल नको, डेटा नको, केवळ येणारे एसएमएस वर्षभर चालू ठेवणारे, अगदी किरकोळ किमतीचे रिचार्ज. घरात चार माणसे, चार आधार, चार नंबर आणि इंटरनेटचे एकच रिचार्ज, अशी मांडणी असलेल्या कुटुंबासाठी हे हवे, कारण बोलणे त्या एका रिचार्जच्या हॉटस्पॉटवर, म्हणजे एका फोनचे इंटरनेट दुसऱ्या फोनला वाय-फायसारखे देण्याच्या सोयीवर, भागत असते.

ही हॉटस्पॉटची काटकसर आता अडचणीत येण्याचा संभव आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने संदेशसेवांना असे निर्देश दिले की ज्या सिमवर खाते नोंदले आहे ते सिम हँडसेटमध्ये असल्याखेरीज सेवा चालू राहू नये. परदेशांतून चालणाऱ्या फसवणुकीला आळा घालणे हा त्यामागील हेतू रास्त आहे, आणि ‘डिजिटल अरेस्ट’च्या, म्हणजे व्हिडिओ कॉलवरील खोट्या अटकेच्या, नावाखाली लुबाडल्या गेलेल्या म्हाताऱ्या माणसांचा विचार करता तो नाकारता येत नाही. तथापि सिम बटणांच्या साध्या फोनमध्ये आणि व्हॉट्सॲप मुलाच्या जुन्या, सिमविरहित हँडसेटमध्ये, अशी विभागणी गरीब घरांत फसवणुकीसाठी झालेली नाही. बॅटरी, पडदा आणि पैसा यांच्या टंचाईतून झालेली आहे. नियम करताना या घराचा विचार झाला पाहिजे.

इंटरनेट-संभाषण कोठे दगा देते हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला माजलगाव आणि बीड शहरात हिंसक वळण लागले, जाळपोळ झाली, संचारबंदी लागू झाली आणि जिल्ह्यातील इंटरनेट सेवा बंद करण्यात आली. अशा बंदीत साधे कॉल चालू राहतात. व्हॉट्सॲपवर विसंबलेल्या घराचा मात्र आवाज जातो, आणि बाहेरगावी असलेल्या माणसाला बातम्यांत जळणारी घरे दिसत असताना स्वतःच्या घराची खबर मिळत नाही. अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी इंटरनेट-बंदीचे आदेश प्रसिद्ध करणे, त्यांचा वेळोवेळी फेरविचार करणे आणि ते परिस्थितीच्या प्रमाणात ठेवणे बंधनकारक ठरवले आहे. बंदी अपरिहार्य असेल तेव्हाही नुसता आवाज व मजकूर चालेल इतका सावकाश डेटा चालू ठेवता येणार नाही का, हा प्रश्न ऊसतोडीच्या जिल्ह्याने आग्रहाने विचारावा असा आहे, कारण वर पाहिल्याप्रमाणे आवाजाला फार थोडा डेटा पुरतो. अफवा पुष्कळदा व्हिडिओतून पसरतात, तर घरची खुशाली आवाजातून येते, आणि या दोहोंना लागणाऱ्या वेगांत मोठे अंतर आहे.

दुसरा दगा कंपनीकडूनच होतो. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुकच्या यंत्रणेतील बिघाडाने व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद होते. टेलिफोनच्या जाळ्यात एका कंपनीचा ग्राहक दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाशी बोलू शकतो, कारण कंपन्यांनी एकमेकांशी जोडून घेणे कायद्याने बंधनकारक आहे; व्हॉट्सॲपवरून टेलिग्रामवर निरोप पाठवण्याची अशी सर्वसाधारण सोय नाही. युरोपीय संघाने डिजिटल मार्केट्स कायद्याने मोठ्या संदेशसेवांवर अशी जोडणी देण्याची जबाबदारी टाकली आहे. भारतात ही चर्चा अद्याप ग्राहकांपर्यंत आलेली नाही, आणि ती यावी.

तिसरी मर्यादा जिवावरची आहे. व्हॉट्सॲपवरून १०८ ला कॉल लागत नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून चालू असलेली ही रुग्णवाहिका सेवा, तसेच तातडीच्या मदतीसाठीचा ११२, मुख्यतः साध्या कॉलवर मिळतात. गरोदरपणातही तोडीला जाणाऱ्या स्त्रिया असलेल्या टोळीत निदान एका फोनमध्ये रिचार्ज केलेले, त्या भागात रेंज असलेल्या कंपनीचे सिम असणे ही सोय नसून अट मानली पाहिजे, आणि ती पाळण्याचा भार मुकादमाने व कारखान्याने उचलला पाहिजे; कोयत्यावर तो टाकणे अन्यायाचे होईल.

उरतो प्रश्न जाळे कोठे हवे याचा. भारतनेट प्रकल्पाने फायबर ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याचे ठरवले, ते २०११ पासून. परंतु ऊसतोड कामगार सहा महिने ज्या ठिकाणी राहतो ते ठिकाण ग्रामपंचायत नव्हे. ते कारखान्याचा तळ किंवा फडाची कड असते. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत कोणत्याही दुकानदाराला परवाना किंवा शुल्काविना सार्वजनिक वाय-फाय देता येते. कारखान्याच्या तळावर किराणा विकणारा, चहाची गाडी लावणारा, फोन चार्ज करून देणारा माणूस आधीच बसलेला असतो. त्याच्याकडे असे वाय-फाय असावे, आणि त्याच्या मागचे इंटरनेट कारखान्याने पुरवावे, हे खर्चाच्या दृष्टीने किरकोळ काम आहे. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने कारखान्यांकडून ज्या सोयींचा आग्रह धरावयाचा त्यांत पाणी, शौचालय आणि पाळणाघर यांच्या जोडीला ही सोय असावी.

या जाळ्याचे दुसरे टोक वसतिगृहात आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गावोगावची हंगामी वसतिगृहे आणि संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेतील वसतिगृहे यांत राहणाऱ्या मुलांना स्वतःचा फोन नसतो, आणि बारा वर्षांच्या मुलाला तो असावा असेही नाही. मोबाइल फोनऐवजी इंटरनेट ही कल्पना जिल्ह्यात कोठे पूर्णपणे लागू पडत असेल तर ती येथे : भिंतीला लावलेला एक टॅब, वसतिगृहाचे वाय-फाय, सिम नाही, आणि नंबराऐवजी ईमेल-खात्यावर चालणारी गूगल मीटसारखी सेवा किंवा खाते न उघडताही दुव्यावरून बोलता येणारी जित्सीसारखी मुक्त प्रणाली. प्रत्येक मुलाच्या आईबापांना एक कायमचा दुवा द्यावा, म्हणजे शिक्षकाचा खासगी नंबर वापरण्याचा संकोच उरत नाही. आईबापांचे बोलणे आणि निरोप मुलाला एकट्याने ऐकता यावेत म्हणून एक इअरफोन द्यावा. आईचा निरोप साऱ्या खोलीसमोर लावला जातो तेव्हा मूल उत्तरात काहीच बोलत नाही, हे मुलांबरोबर काम करणाऱ्यांना ठाऊक असते. थेट बोलण्याची वेळ ठरवताना वसतिगृहाच्या घंटेआधी टोळीला विचारावे लागेल, आणि दर पंधरवड्याला पुन्हा विचारावे लागेल, कारण फड बदलला की गाडी येण्याची वेळ बदलते.